अर्धवट डाव आणि शेवटचा आठवडा

कोणत्याही साखळी स्पर्धेचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्रांतून आकडेमोड सुरू होते. अमुक संघ जिंकला, तमुक हरला आणि तिसऱ्याची धावगती इतकी राहिली, तर चौथा पुढच्या फेरीत जाईल, अशी 'जर-तर'ची कोष्टके आपण क्रिकेटच्या मोसमात नेहमी वाचतो. अमेरिकेत दर वर्षी हिवाळ्यात तेथील व्यावसायिक फुटबॉलबाबत हेच चालते. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण जो खेळ अजून पुरा झालेला नाही त्याचे काय होईल, या प्रश्नातूनच संभाव्यतेचे गणित जन्माला आले. शेवटच्या आठवड्याचे भाकीत हा त्याच प्रश्नाचा आजचा अवतार आहे. संख्या आपल्याला कोठपर्यंत नेतात आणि कोठे आपला हात सोडतात, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना चांगले दाखवता येते.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात आणि क्वचित लाथाडतात. चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ६ गुण मिळतात. त्याला 'टचडाउन' म्हणतात. त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून मारला की आणखी १ गुण मिळतो. टचडाउन न करता दुरूनच लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला, तर तो 'फील्ड गोल' होतो व ३ गुण मिळतात. 'नॅशनल फुटबॉल लीग' या संस्थेत ३२ संघ असून त्यांचे १६-१६ चे दोन गट आहेत. प्रत्येक गटात चार-चार संघांचे उपगट आहेत. २०२१ सालापासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो. एकूण सामने होतात २७२. त्यांतून प्रत्येक गटातले ७, म्हणजे एकूण १४ संघ बाद फेरीत जातात. शेवटच्या आठवड्यात सर्व ३२ संघ खेळतात, म्हणजे १६ सामने होतात.

पाचोलीचा चेंडूचा खेळ

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचा अंकगणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात एक उदाहरण आहे. दोन पक्ष चेंडूचा खेळ खेळत आहेत. प्रत्येक डावाला १० गुण असून जो आधी ६० गुण मिळवील त्याला पणाची सगळी रक्कम मिळायची आहे. एका पक्षाचे ५० आणि दुसऱ्याचे २० गुण झाले असताना काही कारणाने खेळ थांबला. आता पणाची रक्कम कशी वाटावी? पाचोलीने सरळ त्रैराशिक मांडले आणि ५ : २ या प्रमाणात वाटणी सांगितली.

या उत्तरातली खोच १५५६ साली तार्ताल्या या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने दाखवली. समजा, पहिलाच डाव होऊन खेळ थांबला. एकाचे १० गुण, दुसऱ्याचे शून्य. पाचोलीच्या रीतीने सगळी रक्कम पहिल्याला द्यावी लागेल, आणि ते तर उघड अन्यायाचे आहे. तार्ताल्याचे म्हणणे असे की हा प्रश्न गणिताचा नसून न्यायनिवाड्याचा आहे, कोणतेही उत्तर दिले तरी त्यावर भांडण होणारच. हे म्हणणे लक्षात ठेवावे. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

गाठ सुटली ती १६५४ साली. पॅरिसमधला ब्लेझ पास्कल आणि तूलूझ येथे न्यायालयात काम करणारा पिएर द फर्मा यांच्यात या विषयावर पत्रव्यवहार झाला. दोघांनी प्रश्नाची दिशाच बदलली. मागे काय घडले ते न मोजता पुढे काय काय घडू शकते ते मोजावे, असे त्यांनी दाखवले. पाचोलीच्या खेळात पहिल्या पक्षाला आणखी एक डाव हवा होता, दुसऱ्याला चार. म्हणजे जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणार. चार डावांचे निकाल २×२×२×२ = १६ प्रकारांनी लागू शकतात. त्यांपैकी दुसरा पक्ष चारही डाव जिंकतो असा प्रकार एकच. म्हणून वाटणी १५ : १ अशी हवी. पाचोलीने दुसऱ्या पक्षाला सुमारे २९ टक्के रक्कम दिली होती, खरे पाहता त्याचा वाटा सुमारे ६ टक्केच होता.

या उत्तरात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. प्रत्येक डावात दोघांची शक्यता सारखी आहे, आणि एका डावाच्या निकालाचा दुसऱ्या डावावर परिणाम होत नाही. पुढची सगळी कथा या दोन गृहीतांची आहे.

मोजायचे कसे, हे आधी ठरवा

नॅशनल फुटबॉल लीगची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातल्या कँटन या गावी झाली. तिचे आजचे नाव १९२२ सालचे. सुरुवातीला अंतिम सामना नव्हता. विजयांची टक्केवारी पाहून विजेता ठरे, आणि बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरतच नसत. १९३२ साली या नियमाची गंमत झाली. साखळी संपली तेव्हाची स्थिती अशी होती :

शिकागो बेअर्स : ६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी
पोर्ट्समथ स्पार्टन्स : ६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी
ग्रीन बे पॅकर्स : १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी

बरोबरी वगळली की पहिल्या दोघांचे प्रमाण ६/७, म्हणजे ०.८५७ होते. पॅकर्सचे १०/१३, म्हणजे ०.७६९. सर्वांत जास्त विजय मिळवूनही पॅकर्स मागे राहिले. बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव असा नियम असता, तर पॅकर्सचे प्रमाण ०.७५०, स्पार्टन्सचे ०.७२७ आणि बेअर्सचे ०.६९२ आले असते, आणि क्रम उलटला असता. हा नियम पुढे १९७२ साली आला. विद्यार्थ्यांकडून ही दोन्ही कोष्टके करून घ्यावीत. विजेता मैदानावर जितका ठरतो तितकाच मोजण्याच्या पद्धतीतही ठरतो, हे त्यातून कळते.

बरोबरीत असलेल्या दोन संघांचा निकाल लावण्यासाठी १८ डिसेंबर १९३२ रोजी आणखी एक सामना ठेवला. हिवाळा इतका कडक होता की तो शिकागोतल्या एका बंदिस्त क्रीडागृहात, आखूड मैदानावर खेळावा लागला. बेअर्स ९-० असे जिंकले. हा सामनाही साखळीतच धरल्यामुळे हरलेल्या स्पार्टन्सचे प्रमाण ६/८, म्हणजे ०.७५० झाले आणि ते पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्याच वर्षी संघांचे दोन विभाग करून अंतिम सामन्याची पद्धत सुरू झाली.

शक्य आणि संभाव्य

एखादा संघ स्पर्धेतून 'गणिताने बाद' झाला असे आपण म्हणतो. ते ठरवणे वाटते तितके सोपे नाही. समजा, एका संघाचे ८ विजय झाले असून त्याचा एक सामना उरला आहे. दुसऱ्या दोन संघांचे प्रत्येकी ९ विजय आहेत. आपला संघ ९ वर पोहोचू शकतो, म्हणून त्याला आशा आहे असे वाटेल. पण त्या दोघांचा शेवटचा सामना एकमेकांशीच असेल आणि त्यात बरोबरी होत नसेल, तर दोघांपैकी कोणीतरी १० वर जाणारच. म्हणजे आपला संघ शेवटचा सामना खेळण्यापूर्वीच बाद झाला आहे. १९६६ साली बेंजामिन श्वार्ट्झ यांनी अर्ध्यावर आलेल्या स्पर्धेत कोण अजून जिंकू शकतो, हे शोधण्याची पद्धत दिली. उरलेले सामने म्हणजे नळांच्या जाळ्यातून वाहणारे पाणी समजायचे आणि प्रत्येक संघाच्या नळातून किती पाणी जाऊ द्यायचे याला मर्यादा घालायची. सगळे पाणी निघून जाऊ शकले तर आशा आहे, तुंबले तर नाही. गणितज्ञांनी जाळ्यांतील प्रवाहाचे जे शास्त्र वाहतुकीच्या प्रश्नांसाठी तयार केले होते, ते असे खेळाच्या कोष्टकाला उपयोगी पडले.

ही झाली शक्याशक्यता. भाकिताला त्यापुढे जावे लागते. बरोबरी सोडून दिली तर १६ सामन्यांचे निकाल २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ प्रकारांनी लागू शकतात. ही पास्कल-फर्माचीच यादी, फक्त मोठी. संगणक ती क्षणात तपासतो. मोसमाच्या मध्यावर मात्र शंभराहून अधिक सामने उरलेले असतात आणि सगळी यादी तपासणे संगणकालाही शक्य नसते. तेथे 'मॉन्टे कार्लो' पद्धत वापरतात. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला १९४६ साली आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडता मांडता ही कल्पना सुचली, आणि १९४९ साली निकोलस मेट्रोपोलिस व उलाम यांनी ती प्रसिद्ध केली. सगळ्या शक्यता मोजता येत नसतील, तर यदृच्छेने हजारो डाव खेळून पाहावेत आणि किती डावांत काय झाले ते मोजावे. अणुविज्ञानासाठी वापरलेली ही रीत आज साखळी सामन्यांचे भविष्य वर्तवण्यासाठी वापरली जाते.

नाणे किती वाकडे?

पास्कल आणि फर्मा यांनी दोन्ही पक्ष तुल्यबळ मानले होते. खऱ्या सामन्यात नाणे सरळ नसते. ते किती वाकडे आहे हे कसे काढायचे?

एक मार्ग बुद्धिबळातून आला. अमेरिकेतल्या मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे, मूळचे हंगेरीचे आर्पाद एलो यांनी खेळाडूंना गुणांकन देण्याची पद्धत तयार केली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली, तर जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोघांच्या गुणांकनांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा, आणि प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून जितका वेगळा असेल त्या मानाने गुणांकन वरखाली करायचे, असे तिचे सूत्र आहे. बलाढ्याला हरवले तर गुणांकन पुष्कळ वाढते, दुबळ्याला हरवले तर थोडेसेच. फुटबॉलच्या संघांनाही हीच रीत लावता येते.

दुसरा मार्ग सट्टेबाजांच्या आकड्यांतून निघाला. अमुक संघ इतक्या गुणांनी जिंकेल असा अंदाज ते सामन्याआधी जाहीर करतात. हा अंदाज किती खरा ठरतो हे संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तपासले. अंदाजातला फरक आणि प्रत्यक्षातला फरक यांची वजाबाकी केली, तर तिची सरासरी जवळजवळ शून्य येते, तिचा आलेख घंटेच्या आकाराचा, म्हणजे प्रसामान्य वितरणाचा असतो, आणि प्रमाण विचलन १४ गुणांपेक्षा थोडेसेच कमी असते. एवढ्यावरून पुढील कोष्टक करता येते :

३ गुणांनी वरचढ मानलेला संघ जिंकण्याची संभाव्यता सुमारे ५९ टक्के
७ गुणांनी : सुमारे ६९ टक्के
१० गुणांनी : सुमारे ७६ टक्के
१५ गुणांनी : सुमारे ८६ टक्के

शेवटची ओळ पुन्हा पाहावी. १५ गुणांनी भारी मानलेला संघही सातांतून एकदा हरतो. या खेळात नशिबाचा वाटा एवढा मोठा आहे.

नाण्याला मन असते तेव्हा

आता दुसरे गृहीत पाहू. एका सामन्याचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, हे मोसमाच्या सुरुवातीला बरेचसे खरे असते. शेवटी तसे राहत नाही. कोणाला जिंकणे भाग असते, कोणाचे स्थान पक्के झालेले असते, कोणाला खेळाडूंना दुखापत होऊ द्यायची नसते.

२००९ सालच्या मोसमात इंडियानापोलिस कोल्ट्सने पहिले १४ च्या १४ सामने जिंकले होते आणि गटातला पहिला क्रमांक त्यांना मिळालाच होता. शेवटून दुसऱ्या आठवड्यात, २७ डिसेंबर रोजी, न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध १५-१० अशी आघाडी असताना प्रशिक्षकांनी पेटन मॅनिंग या मुख्य खेळाडूला बाहेर बसवले. जेट्स २९-१५ असे जिंकले. पुढच्या आठवड्यात त्यांची गाठ सिनसिनाटी बेंगॉल्सशी पडली. बेंगॉल्सनेही उपगट आधीच जिंकलेला होता. जेट्स ३७-० ने जिंकून बाद फेरीत गेले. कोल्ट्सच्या चौदा विजयांवरून केलेले कोणतेही गणित हे सांगू शकले नसते, कारण त्या दिवशी उत्तरार्धात मैदानावर होता तो वेगळाच संघ होता. पुढच्याच वर्षापासून, म्हणजे २०१० पासून, शेवटच्या आठवड्यातले सर्व सामने एकाच उपगटातल्या संघांत ठेवण्यात येऊ लागले, ते अशा निरर्थक सामन्यांना आळा बसावा म्हणून.

पण याचा उलटा दाखलाही आहे. २००७ च्या मोसमात शेवटच्या सामन्यात, २९ डिसेंबर रोजी, न्यू यॉर्क जायंट्स आणि तोवर अपराजित असलेला न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांची गाठ पडली. दोघांचीही स्थाने पक्की होती. तरीही जायंट्सने आपले मुख्य खेळाडू उतरवले आणि ३५-३८ अशी कडवी लढत दिली. पाच आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी २००८ रोजी, हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि जायंट्स १७-१४ ने जिंकले. तेव्हा 'ज्याला गरज नाही तो ढिला खेळतो' हा नियमही सरसकट लावता येत नाही.

९ जानेवारी २०२२

शेवटच्या आठवड्याचे गणित किती गुंतागुंतीचे होऊ शकते, ते २०२१ च्या मोसमात दिसले. शेवटच्या रविवारी कोल्ट्सना फक्त जिंकायचे होते, की त्यांची जागा पक्की. समोर होता जॅक्सनव्हिल जॅग्वार्स. त्याने १६ पैकी २ सामने जिंकले होते आणि आधीच्या आठवड्यात तो ५०-१० असा हरला होता. कोल्ट्सना सुमारे १५ गुणांनी भारी मानले जात होते. जॅग्वार्स २६-११ ने जिंकले. वरच्या कोष्टकातला 'सातांतून एकदा' त्या दिवशी आला.

आता सगळ्यांचे लक्ष रात्रीच्या, मोसमातल्या २७२ व्या सामन्याकडे लागले. लास व्हेगास रेडर्स आणि लॉस एंजेलिस चार्जर्स या दोघांचेही ९ विजय, ७ पराभव होते. तिकडे पिट्सबर्ग स्टीलर्सनी जादा वेळेत १६-१३ ने विजय मिळवून ९ विजय, ७ पराभव, १ बरोबरी असा हिशेब पुरा केला होता. रेडर्स-चार्जर्स सामन्याचा निकाल लागला तर जिंकणारा आणि स्टीलर्स पुढे जाणार होते. बरोबरी झाली तर रेडर्स आणि चार्जर्स दोघेही जाणार, आणि दोघांशीही हरलेले स्टीलर्स घरी बसणार.

या खेळात बरोबरी दुर्मिळ असते. २०१२ ते २०२१ या दहा मोसमांत सुमारे २,५७५ साखळी सामन्यांत बरोबरी झाली फक्त १० वेळा, म्हणजे साधारण अडीचशेत एकदा. कोल्ट्सची हार सातांत एकदा आणि बरोबरी अडीचशेत एकदा. दोन्ही घटना स्वतंत्र मानून गुणाकार केला, तर दोन्ही एकाच दिवशी घडणे म्हणजे साधारण अठराशेत एकदा. सकाळी हा गुणाकार करणाऱ्याची चूक कोठे होती? अडीचशेत एक हा आकडा ज्या सामन्यांवरून काढला, त्यांत दोन्ही संघांना जिंकायचे होते. येथे बरोबरीने दोघांचेही भागणार होते. एका सामन्याच्या निकालाने दुसऱ्यातल्या खेळाडूंची इच्छाच बदलण्याचा संभव होता. मग बरोबरीची संभाव्यता किती धरायची? जुन्या सामन्यांच्या कोणत्याच नोंदीत याचे उत्तर नव्हते.

याची एक प्रसिद्ध आठवण जागतिक फुटबॉलमध्ये आहे. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे विश्वचषकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. एवढ्या फरकाने दोघेही पुढे जात होते आणि आदल्या दिवशी आपला सामना संपवून बसलेला अल्जेरिया बाद होत होता. गोल झाल्यावर उरलेला वेळ दोन्ही संघांनी नुसता चेंडू फिरवण्यात घालवला. तेव्हापासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र सामने दिवसभरात टप्प्याटप्प्याने होतात, आणि त्या रात्री दोन्ही संघांना बाकीचे निकाल ठाऊक होते.

प्रत्यक्षात काय घडले? चार्जर्स १४-२९ असे मागे होते. त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी २९-२९ अशी बरोबरी साधली. जादा वेळेत दोघांनी एकेक फील्ड गोल केला, ३२-३२. रेडर्सकडे चेंडू होता आणि घड्याळ संपत आले होते. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सच्या प्रशिक्षकांनी खेळ थांबवण्याची सवलत घेतली. धावण्याचा डाव अडवण्यासाठी योग्य खेळाडू मैदानात आणायचे होते, असे त्यांनी नंतर सांगितले. पुढच्याच डावात रेडर्स १० यार्ड पुढे सरकले, आणि शेवटच्या क्षणी डॅनियल कार्लसनने ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. ३५-३२. चार्जर्स बाद, स्टीलर्स आत.

रेडर्सनी हा धोका का पत्करला? बरोबरी झाली असती तर बाद फेरीत त्यांची गाठ कॅन्सस सिटी चीफ्सशी पडणार होती, ज्यांनी त्याच मोसमात त्यांना ४१-१४ आणि ४८-९ असे हरवले होते. जिंकल्यामुळे ती टळली. म्हणजे 'दोघांनाही बरोबरी चालेल' हेही अर्धेच सत्य होते. आणि स्टीलर्सना तारले ते नोव्हेंबरातल्या एका सामन्याने. तोवर एकही विजय न मिळवलेल्या डेट्रॉइट लायन्सशी त्यांनी १६-१६ अशी बरोबरी केली होती, आणि तेव्हा ती नामुष्की वाटली होती. त्या अर्ध्या विजयामुळे त्यांचे प्रमाण ९.५/१७, म्हणजे ०.५५९ झाले. कोल्ट्स आणि चार्जर्स ९/१७, म्हणजे ०.५२९ वर अडकले.

भाकिताची परीक्षा

'कोल्ट्स जिंकण्याची शक्यता ८६ टक्के' असे म्हणणारा खोटा ठरला का? एका सामन्यावरून हे सांगता येत नाही. १९५० साली अमेरिकन हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी पावसाच्या अंदाजांसारखी टक्केवारीतली भाकिते तपासण्याची सोपी रीत दिली. घटना घडली तर १, न घडली तर ० धरायचे, त्यातून भाकिताची संभाव्यता वजा करायची आणि वर्ग करायचा. सरासरी जितकी लहान तितके भाकीत चांगले.

असे सात सामने घेऊ, ज्यांत भारी संघ सहा वेळा जिंकला आणि एकदा हरला. दर वेळी ०.८६ म्हणणाऱ्याची सरासरी ०.१२२ येते. दर वेळी छातीठोकपणे १ म्हणणाऱ्याची ०.१४३, आणि दर वेळी ०.५ म्हणून अंग काढून घेणाऱ्याची ०.२५०. एका हारेमुळे ८६ टक्के म्हणणाऱ्याची टिंगल होते. पण लांबच्या हिशेबात त्याचेच खरे ठरते. हवामान खात्याच्या अंदाजाची थट्टा करताना आपणही हे विसरतो.

पुन्हा अर्धवट डाव

पाचोलीचा प्रश्न पाचशे वर्षांनी अक्षरशः समोर आला. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बफेलो बिल्स आणि बेंगॉल्स यांच्या सामन्यात बिल्सचा खेळाडू डमार हॅमलिन याची हृदयक्रिया मैदानावरच बंद पडली. तेथेच उपचार करून त्याला रुग्णालयात नेले. तो वाचला आणि पुढच्या मोसमात पुन्हा खेळलाही. सामना मात्र थांबला तो थांबलाच, आणि पुढे रद्द झाला. शेवटच्या आठवड्याला सुरुवात होताना चीफ्सचे १३ विजय, ३ पराभव होते, बिल्सचे १२ आणि ३. रद्द झालेला सामना बिल्स जिंकले असते तर गटात पहिले येण्याची आणि त्याबरोबर घरच्या मैदानाचा लाभ मिळवण्याची संधी त्यांना होती.

६ जानेवारीला संघमालकांनी मतदान करून तोडगा काढला. क्रम टक्केवारीने लावायचा. पण शेवटच्या आठवड्यात चीफ्स आणि बिल्स दोघेही जिंकले, आणि पुढे गटाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तर तो सामना त्रयस्थ मैदानावर खेळवायचा. बॉल्टिमोर रेव्हन्सनी बेंगॉल्सना हरवले आणि नंतर पहिल्याच बाद सामन्यात त्या दोघांची गाठ पडली, तर मैदान नाणेफेकीने ठरवायचे. नीट पाहिले तर हे पणाची रक्कम वाटणेच आहे. घरचे मैदान हा पण, आणि त्रयस्थ मैदान म्हणजे त्याची निम्मी-निम्मी वाटणी. प्रत्यक्षात बेंगॉल्स शेवटचा सामना २७-१६ ने जिंकले, बाद फेरीत त्यांनी बिल्सनाही हरवले, आणि दोन्ही तरतुदी वापराव्या लागल्या नाहीत.

निम्मीच वाटणी का? बिल्स जिंकण्याची संभाव्यता काढून पास्कल-फर्मा यांच्या रीतीने हिशेब करता आला असता. पण तो आकडा सगळ्यांना मान्य झाला असता का? येथे तार्ताल्याचे म्हणणे आठवते. संभाव्यता गणिताने काढता येते, पण ती न्याय्य म्हणून स्वीकारायची की नाही, हे माणसांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेतल्या चार संघांच्या कबड्डी किंवा खो-खोच्या साखळीत सहा सामने होतात. शेवटच्या दिवशी दोन सामने उरले असता निकालांचे चार प्रकार होतात, बरोबरी धरली तर नऊ. विद्यार्थ्यांना ते सगळे लिहून प्रत्येकातला विजेता काढायला सांगावे. मग प्रत्येकाने आपली टक्केवारी कागदावर लिहून द्यावी आणि स्पर्धेनंतर ब्रायरच्या रीतीने गुण काढावेत. बरोबरीला शून्य आणि बरोबरीला अर्धा विजय, असे दोन्ही नियम लावून कोष्टक बदलते का तेही पाहावे.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा : दुसऱ्या सामन्याचा निकाल आधी कळला, तर तुमचा संघ वेगळा खेळेल का? नाण्याला हा प्रश्न विचारता येत नाही. पाऊस, फासे किंवा किरणोत्सारी अणू यांना आपले भाकीत ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत मागच्या नोंदींवर पुष्कळ विसंबता येते. खेळाडू, मतदार, बाजारातले ग्राहक यांना ते ऐकू येते. त्यांच्याविषयीची टक्केवारी वाचताना ती कोणत्या परिस्थितीतल्या नोंदींवरून काढली आणि आज ती परिस्थिती आहे का, एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तरी या गणिताचे शिकवणे सार्थकी लागेल.